कॉफी कशी घेता?

बार्ड्सटाउन रोडवरच्या त्या दुकानात मी पहिल्यांदा शिरले ती स्वतःसाठी नव्हे. नवऱ्याच्या साहेबांकडे जेवायला जायचं होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं? आणि अमेरिकेतल्या केंटकीत राहून तिथली मक्याची व्हिस्की, म्हणजे बर्बन, न नेणं म्हणजे कोल्हापूरकराने पाहुण्याला तांबडा-पांढरा न वाढण्यासारखं, असं कुणीतरी बजावलेलं. साल २००९. लुइव्हिलला येऊन आम्हाला जेमतेम चार महिने झाले होते. समोर छतापर्यंत बाटल्या, सगळ्यांचा रंग एकच. मी गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "यातली चांगली कुठली?"

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "ज्यांना द्यायचीये ते कॉफी कशी घेतात?"

मला काय ठाऊक! साहेबांना मी अजून पाहिलंही नव्हतं.

"बरं, तुम्ही कशी घेता?"

दूध भरपूर, साखर दोन चमचे, आणि असलं तर थोडं जायफळ, मी सांगून टाकलं. जायफळ ऐकल्यावर तो दोन क्षण थांबला. मग मागच्या फळीवरून लाल मेणात मान बुडवलेली एक चौकोनी बाटली घेऊन आला. "ही घ्या. हिच्यात राय नाही, गहू आहे. घसा ओरबाडणार नाही."

साहेबांकडे आम्ही फुलं नेली.

ती बाटली मेकर्स मार्कची होती, आणि घरात ती पिणारी मी एकटी. नवरा लिंबू सरबताच्या पुढे जात नाही. आजही कुणाकडे गेलो की ग्लास त्याच्या हातात दिला जातो आणि मला विचारतात, तुम्हाला ज्यूस चालेल ना? तो निमूटपणे ग्लास माझ्याकडे सरकवतो. पंधरा वर्षांच्या सरावाने आता हे इतकं सफाईने होतं की यजमानांच्या लक्षातही येत नाही.

बाटली सुचवणं हे आपल्याकडच्या स्थळ सुचवण्यासारखंच आहे. सुचवणाऱ्याला स्थळ ठाऊक असतं, माणूस ठाऊक नसतो, तरी छातीठोकपणे सांगायचं. मग पत्रिका उघडते: वय किती, घराणं कुठलं, टक्के किती, आजोबा कोणत्या पिंपात होते. आपल्याकडे छत्तीस गुणांवर भागतं, व्हिस्कीवाल्या समीक्षकांना शंभर लागतात. पंच्याऐंशीच्या खाली गेली तर मुलगी काळी-सावळी असल्यासारखा चेहरा करतात. त्या म्हाताऱ्याने पत्रिका काढलीच नाही. तो कॉफीवर आला. पुढे त्याच्याशी ओळख वाढली तेव्हा कळलं, गिऱ्हाईक नवखं असलं की तो हाच प्रश्न विचारतो. काळी, बिनसाखरेची म्हणणाऱ्याला एक बाटली, दूध-साखरवाल्याला दुसरी. बर्बनचं अर्धं शास्त्र त्यात येतं.

कारण बर्बनमध्ये बदलायला जागा फार थोडी. कायदाच तसा आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, गाळताना ८० टक्क्यांच्या वर अल्कोहोल जाता कामा नये, पिंपात भरताना ६२.५ च्या वर नको, आणि पिंप ओकचं, आतून जाळलेलं, कोरं करकरीत हवं. रंग वा चव वरून घालायची नाही. मका ठरलेला, पिंप ठरलेलं. उरलेल्या धान्यात काय घालता यावर मग स्वभाव ठरतो. राय घातली की मिरी-लवंगेचा ठसका येतो. (ही राय म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य. माझ्या आत्याला फोनवर हे समजावताना अर्धा तास गेला होता, आणि शेवटी ती म्हणाली, "म्हणजे दारूला फोडणी देतात की काय?") रायच्या जागी गहू घातला की ठसका जातो आणि मक्याचा गोडवा वर येतो. जायफळाच्या कॉफीवाल्या बाईला गहू देणारा माणूस आपला धंदा ओळखून होता.

पण पहिल्या घोटाला मला यातलं काही कळलं नव्हतं. मला फक्त आजोळ आठवलं. पंचगंगेकाठचं गाव, मामाच्या शेतातलं गुऱ्हाळ, चुलवाणात ढकलली जाणारी चिपाडं, काहिलीत रटरटणारा रस, आणि काकवी होण्याच्या जरा पुढे, गूळ होण्याच्या जरा अलीकडे येणारा तो वास. गुळव्या एका हाताने वाफ बाजूला सारून नुसत्या वासावर सांगायचा, "झालं, उतरा." लाल मेणाच्या बाटलीतून मला 'झालं, उतरा'च्या क्षणाचा वास आला. यात जादू काही नाही. पिंप आतून जाळतात तेव्हा लाकडातली साखर करपते आणि तिचं कॅरमल होतं. लाकूड घट्ट धरून ठेवणाऱ्या लिग्निनपासून व्हॅनिलीन सुटतं. आणि अमेरिकन ओकमध्ये एक पदार्थ असतो त्याला सरळ खोबऱ्याचा वास येतो. गूळ, खोबरं, व्हॅनिला. अमेरिकनांना यात पेकान पाय नावाचं त्यांचं पक्वान्न दिसतं, मला मोदकाचं सारण.

कोऱ्या पिंपाचा हा नियम मला एकदम आवडतो तो त्याच्या परिणामासाठी. एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्यांना पुन्हा चालत नाही. मग साधारण २०० लिटरच्या त्या दणकट, सुरेख पिंपांचं करायचं काय? ती समुद्रापार स्कॉटलंडला जातात. तिकडच्या कायद्याला ओक हवं, कोरं असावं असा आग्रह नाही, आणि व्हिस्की किमान तीन वर्षं पिंपात राहिली पाहिजे. काही पिंपं सगळीच्या सगळी जातात, काहींच्या फळ्या सुट्या करून जातात आणि तिकडे चार फळ्या जास्त लावून मोठी पिंपं बांधतात. केंटकीत माहेर, स्कॉटलंडात सासर. माहेरी चार-सहा वर्षं उकाड्यात काढायची, मग सासरी दहा-बारा-अठरा वर्षं थंडीत. ग्लेनफिडिक वा लफ्रॉइगमध्ये जी व्हॅनिलाची मऊ चव लागते ती या लेकीने माहेरून नेलेली. त्यामुळे 'बर्बन श्रेष्ठ की स्कॉच' हे भांडण ऐकलं की मला विहिणींचा मानपान आठवतो.

उकाडा आणि थंडी हा फरक मात्र खरा. केंटकीची गोदामं सात-आठ मजली, पत्र्याची, उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर श्वास घेववत नाही. तिथे पिंपातून पाणी अल्कोहोलपेक्षा जास्त वेगाने उडतं, म्हणून व्हिस्की वर्षागणिक कडक होत जाते. स्कॉटलंडच्या दमट गारठ्यात नेमकं उलटं: अल्कोहोल उडतं आणि व्हिस्की निवत जाते. जे उडतं त्याला दोन्हीकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. हा नैवेद्य कुठे जातो ते बार्ड्सटाउनच्या बाहेर गेलं की दिसतं. गोदामांच्या आसपासची झाडं काळी असतात. बुंधे, फांद्या, कुंपणं, रस्त्याच्या पाट्यासुद्धा काजळी धरल्यासारख्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं इथे वणवा लागून गेला असावा. बोट फिरवून पाहिलं तर काजळी नव्हेच. मखमलीसारखी, घट्ट चिकटलेली बुरशी. हवेतल्या अल्कोहोलवर वाढते. गोदामाशेजारी राहणाऱ्यांना दर वर्षी भिंती घासाव्या लागतात, आणि त्यांना या नैवेद्याचं अजिबात कौतुक नाही.

आमच्या बैठकीला आता दहा-अकरा वर्षं झाली. मराठीत आपण दारू पीत नाही, 'बसतो'. हा शब्द मी बाकीच्यांना शिकवलाय. महिन्यातून एका शनिवारी आम्ही चौघं बसतो: इतिहास शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर, बर्बनचा कट्टर, ग्लासगोजवळच्या गावातून आलेली एक नर्स, अर्थात स्कॉचवाली, नागपूरचा एक पोरगा, ज्याला जे सर्वांत महाग ते सर्वांत आवडतं, आणि मी. प्रत्येकाने एकेक बाटली खाकी पिशवीत गुंडाळून आणायची, हा नियम.

मास्तर बाटली सुचवतो ती सनावळीसकट. १८९७ चा कायदा हा त्याचा लाडका विषय. त्याआधी बर्बनच्या नावावर लोक कच्च्या दारूत तंबाखूचं पाणी आणि आलुबुखाराचा रस घालून विकत. मग सरकारने शिक्का आणला: एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, चार वर्षं सरकारी कुलपात मुरलेली, बरोबर ५० टक्क्यांची. 'बॉटल्ड-इन-बाँड' हा शब्द लेबलावर दिसला की डोळे मिटून घ्यावी, असं तो म्हणतो, आणि स्वस्तातल्या बाटल्यांपुरतं माझं मतही तेच झालंय. २००६ च्या एप्रिलमध्ये केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस भट्टीत वादळाने एका गोदामाचं छप्पर उडवलं, कित्येक महिने पिंपं उघड्या उन्हात राहिली, आणि नंतर ती व्हिस्की 'वादळातून वाचलेली' म्हणून विकली गेली. हे तो दर सहा महिन्यांनी नव्याने सांगतो. आम्ही दर वेळी नव्याने ऐकतो. दारूच्या गप्पांना विस्मरण ही फार सोयीची गोष्ट असते.

नर्स गोष्टी सांगत नाही, ती चुका काढते. तिच्या बेटांपैकी ज्या बेटाची धुरकट व्हिस्की जगभर गाजते त्याचा उच्चार अमेरिकन 'इस्ले' करतात, की ती कळवळते. "आय-ला! आयला!" ती पहिल्यांदा असं ओरडली तेव्हा नागपूरचा पोरगा आणि मी एकमेकांकडे पाहून जे हसत सुटलो ते थांबेचना. तिला का हसतोय ते सांगण्यात पुढचा पाऊण तास गेला. नावांचा घोळ तसा सगळीकडेच. इंग्रजीत स्कॉटलंडवाले 'व्हिस्की' एका स्पेलिंगने लिहितात, अमेरिकन त्यात एक अक्षर वाढवतात, आणि त्यातही मेकर्स मार्क आणि ओल्ड फॉरेस्टरवाले अमेरिकन असून स्कॉटिश पद्धतीने लिहितात. आपल्या देवनागरीत ते एक भांडण आपोआप मिटलंय.

चवीच्या वर्णनांनी मात्र मला सुरुवातीला रडकुंडीला आणलं. बाकीचे म्हणायचे, यात भाजलेला मार्शमेलो आहे, चेरी कोला आहे, जुन्या खोगिराचं चामडं आहे. मी मान डोलवायचे. मी खोगीर हुंगलेलं नव्हतं. मग एका रात्री वही काढली आणि मराठीत लिहायला लागले. मका जास्त, राय कमी: 'गुऱ्हाळ, खोबरं.' ओल्ड फॉरेस्टर: 'शिकरण, पिकून काळी पडलेली वेलची केळी.' टॅलिस्कर: 'न्हाणीघरातला बंब, वर मिरी.' शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली ग्लेनड्रोनॅक चाखली तेव्हा वहीत एकच शब्द लिहिला: 'शेड'. मी तासगावची. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं जाळ्यांवर वाळत घालतात, आणि बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्या शेडपाशी गोड आणि काडेपेटीसारखा असा दुहेरी वास असतो. शेरीच्या व्हिस्कीत मनुका-बेदाणे असतात हे सगळेच लिहितात. पण रिकामी पिंपं आंबू नयेत म्हणून त्यांच्यातही गंधक जाळतात, आणि त्याची पुसट काडी कधीकधी व्हिस्कीत उतरते. बऱ्याच जणांना तो दोष वाटतो. मला तो नसला की बेदाणा अर्धवट वाटतो.

ही वही आमच्या गटात जरा गाजली, आणि मलाही ती जरा चढली. त्याच सुमारास मास्तरने पाच ग्लास मांडले. कुठल्यात काय ते फक्त त्याला ठाऊक. मी दुसऱ्या ग्लासावर छोटंसं भाषण केलं: गुळाची ढेप, केळं, शेवटी थोडी सुंठ. चौथा बाजूला सारला. "पातळ. कडवट. घाईघाईत बाटलीत भरलीये." मास्तरने पिशव्या काढल्या. दुसरा आणि चौथा एकाच बाटलीतले होते. मास्तर सभ्य माणूस, तो खिडकीबाहेर पाहू लागला. नर्स इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. कारण नंतर कळलं: मधल्या तिसऱ्या ग्लासात साठ टक्क्यांच्या वरची, पाणी न घालता थेट पिंपातून भरलेली व्हिस्की होती. तिने जीभ भाजल्यावर पन्नासवाली पातळच लागणार. मिरचीचा ठेचा खाऊन वरणाला नावं ठेवण्यातला प्रकार. तेव्हापासून वहीत मी प्रत्येक नोंदीपुढे 'आधी काय प्यायले' तेही लिहिते. असल्या नोंदी कुणी छापत नाही.

महागड्या बाटल्यांबद्दल फार बोलायचं नाही. पॅपी व्हॅन विंकलसाठी लोक दुकानांच्या सोडती लावतात आणि लागली की प्यायच्या आधी तिची किंमत मोजतात. नागपूरच्या पोराला एकदा लागली, त्याने ती अजून उघडलेली नाही. ती त्याच्या कपाटात उपवर मुलीसारखी बसून आहे. त्यापेक्षा मला २०१३ चा फेब्रुवारी आठवतो. मागणी पुरी होईना म्हणून मेकर्स मार्कने जाहीर केलं की आता ४५ च्या जागी ४२ टक्के करणार, म्हणजे थोडं पाणी वाढवणार. लोक इतके खवळले की आठवडाभरात निर्णय मागे. त्या आठवड्यात मी त्या म्हाताऱ्याच्या दुकानात होते. गिऱ्हाईकं शोकसभेला आल्यासारखी येत आणि लाल मेणाच्या दोन-दोन बाटल्या घेऊन जात. "यातल्या निम्म्यांना फरक कळला नसता," तो मला हळूच म्हणाला, "पण गवळ्याने पाणी घातलंय हे कळल्यावर दूध पातळच लागतं." गवळ्याचं मी घातलं, तो बिअरबद्दल काहीतरी म्हणाला होता.

बाकी पाण्याचं म्हणाल तर माझं मत स्वच्छ आहे: घाला. दोन-चार थेंब. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी गणिती प्रारूपावरून दाखवलं की पाणी मिसळल्यावर ग्वायकोल, म्हणजे धुराच्या चवीतला एक मुख्य रेणू, पृष्ठभागाकडे येतो; नाकाला तो जास्त मिळतो. आणि कुणी सोडा-बर्फ घालून ब्लॅक लेबल पीत असेल तर प्यावी. आपल्या काका-मामांच्या दोन पिढ्यांनी विमानतळावरून आणवलेली ब्लॅक लेबल अशीच प्यायली. त्यांना स्कॉचमधला 'स'सुद्धा कळत नाही म्हणून नाकं मुरडणारी मंडळी मला सोसत नाहीत. आपल्याकडे त्यांच्या काळात ज्याला व्हिस्की म्हणून विकत ती बहुतेक उसाच्या मळीपासूनची होती, युरोपात तिला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. आमच्या साखर कारखान्यांच्या मुलखात तर तो घरचाच माल. आता बंगळूरची अमृत आणि गोव्याची पॉल जॉन जवाची, पिंपात मुरवलेली, जगाच्या तोंडात मारील अशी सिंगल माल्ट करतात, आणि आपल्या उकाड्यात देवदूत स्कॉटलंडच्या कितीतरी पट जास्त पिऊन जातात. आमच्या बैठकीत मी पॉल जॉन पिशवीत घालून नेली तेव्हा नर्सने तिला आपल्या देशाची समजून कौतुक केलं. चौथ्या ग्लासाचा हिशेब तिथे फिटला.

माझी सर्वांत फसलेली शिफारस घरातच झाली.

आयलाची लफ्रॉइग ही माझी व्हिस्की. पहिल्या घोटापासून. हिला आवडून घ्यायला वर्षं लागतात, असं सगळे सांगतात. मला अर्धं मिनिट लागलं. तिथे जव वाळवताना खाली पीट जाळतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत पडलेलं गवत-शेवाळ, आणि त्या धुरातून फेनॉल, क्रेसॉल असली मंडळी दाण्यात शिरतात. लोक म्हणतात आयोडीनचा वास येतो, बँडेजचा वास येतो, इस्पितळाची फरशी पुसल्यासारखा वास येतो. अगदी बरोबर. माझे वडील तासगावात डॉक्टर. शाळा सुटली की मी घरी न जाता दवाखान्यात जायचे. कंपाउंडरकाका मला पुड्या बांधायला देत, आणि माझं खरं काम म्हणजे डोसाच्या पट्ट्या. कागदाची उभी पट्टी उभी दुमडायची, कात्रीने सारख्या अंतरावर तिरक्या खाचा मारायच्या, उघडली की कडेला कंगोरे. ती मिक्श्चरच्या बाटलीला डिंकाने चिकटवायची: एक कंगोरा, एक डोस. स्पिरिट, टिंक्चर, कार्बोलिक, ओला डिंक. बाहेर रांग, आत पडद्यामागे बाबांचा आवाज. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुरक्षित संध्याकाळी त्या वासात गेल्या.

म्हणून २०१६ च्या दिवाळीला गेले तेव्हा भावासाठी लफ्रॉइग नेली. सख्खा भाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, सांगलीत असतो. रात्री गच्चीवर बसलो. त्याने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाला, "आयला!" आमच्या खानदानात त्या बेटाचा उच्चार पहिल्या फटक्यात बरोबर करणारा तो पहिलाच. मग ग्लास त्याने कठड्यावर ठेवला, आणि परत उचलला नाही.

"दादाऽ, नाही आवडली?" (लहान असला तरी त्याला घरात सगळे दादाच म्हणतात.)

"ताई, हा बाबांच्या दवाखान्याचा वास आहे."

"तेच तर!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्याने पोटरी दाखवली. तिसरीत असताना तो सायकलवरून खडीत पडला होता. जखम चिघळली. रोज संध्याकाळी ड्रेसिंग, कंपाउंडरकाकांनी खांदे धरायचे, बाबांनी चिकटलेलं बँडेज ओढायचं. बाहेर डोसाच्या पट्ट्या कातरत बसलेली मी. त्याचं ओरडणं मला ऐकू यायचं हे मला तेव्हा आठवलं. तोवर मी ते त्या वासातून गाळून टाकलं होतं.

उरलेली बाटली मी परत आणली. पुढच्या खेपेला त्याच्यासाठी काय घ्यावं म्हणून त्या म्हाताऱ्याकडे गेले, तर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलंच. माझा भाऊ कॉफी घेत नाही. "चहा. दुधाचाच. त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा." लाल मेणाची बाटली सांगलीला गेली, आणि आता दर दिवाळीला जाते.

बाबा इथे आले ते २०१९ च्या उन्हाळ्यात. वय ऐंशीच्या आसपास, आई गेल्यानंतरची पहिलीच खेप. ते आयुष्यात कधी प्यायले नाहीत, आणि मी पिते हे त्यांना ठाऊक होतं पण बोलणं झालेलं नव्हतं. एका रात्री जेवणं झाल्यावर मी लफ्रॉइगची हिरवी बाटली टेबलावर ठेवली. ग्लासात थोडी ओतली आणि त्यांच्यापुढे धरली. "प्यायची नाही. नुसता वास घ्या आणि सांगा."

त्यांनी डॉक्टर घेतात तसा वास घेतला. ग्लास नाकापासून लांब, हाताने वारा घालून. डोळे मिटले.

"कार्बोलिक," ते म्हणाले. "थोडं क्रेसॉल. हे पितात?"

मी पीटचं सांगितलं, स्कॉटलंडचं सांगितलं. त्यांना स्कॉटलंडमध्येच रस. "तो सर्जन लिस्टर ग्लासगोला होता," ते म्हणाले. "१८६५. अकरा वर्षांचा पोरगा, पायावरून गाडी गेलेली, हाड बाहेर. तेव्हा पाय कापायचे. लिस्टरने जखमेवर कार्बोलिकची पट्टी बांधली. पाय वाचला." मग जरा थांबून, "दादाचा पण तसाच पाय होता. म्हणजे हाड नव्हतं बाहेर, पण होता तसाच." दादाच्या पायाबद्दल ते एवढंच बोलले.

मी विषय बदलायला म्हणून अमेरिकेतल्या दारूबंदीचं सांगितलं. १९२० ते ३३ या काळात इथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची, औषधाच्या दुकानातून, दहा दिवसांला एक पाइंट. लफ्रॉइगही तेव्हा औषध म्हणूनच आत यायची असं सांगतात. वास घेऊन कुठल्या अधिकाऱ्याला शंका येणार? बाबांना हसू आलं. आमच्या परवान्याचं काय वेगळं आहे, म्हणाले. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, पिणाऱ्याने परवाना काढायचा, आणि त्या परवान्यावरूनच गावोगावच्या 'परमिट रूम'च्या पाट्या. "आमच्याकडे परमिट कुणी विचारत नाही, रूम तेवढी राहिली."

मग ते गप्प झाले. ओठ हलत होते. हिशेब चालला होता.

"पाइंट म्हणजे सोळा औंस. दहा दिवसांला. दिवसाला दीड औंसाच्या वर थोडं." त्यांनी बाटली उचलून दिव्यासमोर धरली, किती राहिलीये ते पाहिलं, आणि म्हणाले, "कात्री आण."

मी कात्री आणि प्रिंटरचा कागद आणला. डिंक घरात नव्हता, चिकटपट्टी आणली. हात थोडे थरथरत होते, पण दुमड बरोबर घातली आणि खाचा सारख्या मारल्या, माझ्या कधीच इतक्या सारख्या येत नसत. पट्टी उलगडून त्यांनी ती बाटलीच्या पाठीला लावली, वरचा कंगोरा व्हिस्कीच्या पातळीशी जुळवून. अंगठ्याने दाबून घेतली.

"दिवसातून किती वेळा?" मी विचारलं.

"आठवड्यातून," बाबा म्हणाले. "जेवणानंतर."